एका ओळीत दहाच: गेम बॉयवरच्या एका राक्षसाचं प्रकरण

पार्श्वभूमी

तिघांचा एक हौशी गट होता. एक प्रोग्रामर, एक चित्रकार आणि लेव्हल रचणारा तिसरा; संगीतही त्याच्याकडेच. तिघांचं पोट दुसऱ्या कामांवर, हा खेळ उरल्या वेळातला. निन्टेन्डोच्या मूळ गेम बॉयसाठी, म्हणजे १९८९ साली आलेल्या चार छटांच्या यंत्रासाठी, त्यांना एक अ‍ॅक्शन गेम करायचा होता. मी गटात नव्हतो. प्लेटेस्टच्या वेळी, म्हणजे बाहेरच्या लोकांना खेळ खेळायला देऊन पाहताना, मागे बसून टिपणं काढायची एवढंच माझं काम होतं. खेळाचं नाव इथे बदललं आहे. नायकाच्या स्वभावावरून त्याला ‘भुक्कड’ म्हणू.

कल्पना विक्षिप्त होती आणि म्हणूनच धरण्यासारखी होती. भुक्कड हा डोंगरात झोपलेला राक्षस. खालच्या गावांतल्या घंटांनी त्याची झोप मोडते. तो उठतो आणि एकेका गावात शिरून घंटा गिळत सुटतो. वाटेत जे सापडेल ते, म्हणजे शिड्या, कंदील, माणसंसुद्धा, त्याच्या पोटात जातं. पोटात चार जागा. गिळलेलं पुन्हा थुंकता येतं आणि त्यातूनच खेळातली कोडी सुटतात: शिडी थुंकून वर चढायचं, कंदील पोटात असेल तर अंगातून उजेड पडतो, वगैरे. माणसं पचत नाहीत, फक्त आत बसून आरडाओरडा करतात, आणि लेव्हल संपताना सगळी सुखरूप बाहेर पडतात. हे शेवटचं कलम चित्रकाराने पहिल्याच दिवशी घालून घेतलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

जुन्या यंत्रासाठी आज खेळ लिहिणं वाटतं तितकं अवघड राहिलेलं नाही. यंत्राच्या अगदी जवळच्या असेंब्ली भाषेत लिहायचं तर आरजीबीडीएससारखा असेंब्लर आहे, सी भाषेत लिहायचं तर जीबीडीके आहे, आणि कोड न लिहिता करायचं असेल तर जीबी स्टुडिओ. या गटाने जीबीडीके घेतलं आणि जिथे वेग लागेल तिथे असेंब्ली वापरायची ठरवली. राक्षस नायकाला या यंत्रावर परंपराही आहे. कॅपकॉमच्या १९८५ सालच्या आर्केड खेळात खेळणाऱ्यांना रडकुंडीला आणणारा एक उडता लाल सैतान होता. १९९० साली त्याच कंपनीने त्याला गेम बॉयवर नायक केलं. तो हवेत थोडा वेळ तरंगायचा, भिंतीला चिकटायचा. तिघांच्या बोलण्यात हा खेळ वारंवार येत असे, पण प्रत्येकाने त्यातून वेगळाच धडा घेतला होता. प्रोग्रामरच्या मते तो धडा असा, की राक्षस चपळ हवा. चित्रकाराच्या मते असा, की राक्षस छोटा असला तरी चालतो, फक्त त्याची आकृती ओळखू यायला हवी. तिसऱ्याच्या मते, शत्रूला नायक केलं की अर्धी गंमत तिथेच आली.

अडचण

पहिल्या प्लेटेस्टला भुक्कड ३२ बाय ३२ पिक्सेलचा होता. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४, म्हणजे राक्षसाने रुंदीचा पाचवा हिस्सा व्यापलेला. स्थिर चित्रात तो झकास दिसायचा. खेळताना मात्र दोन गोष्टी बिघडल्या, आणि गटाने बराच काळ त्यांना एकच गोष्ट मानलं. माझ्या मते वेळ सर्वांत जास्त तिथे गेला.

पहिली गोष्ट यंत्राची. गेम बॉय एका वेळी ४० स्प्राइट, म्हणजे पार्श्वभूमीवर सुटी हलणारी छोटी चित्रं, दाखवू शकतो, पण पडद्याच्या एका आडव्या ओळीत फक्त १०. अकरावा स्प्राइट त्या ओळीवर काढलाच जात नाही. स्प्राइट ८ बाय ८ किंवा ८ बाय १६ पिक्सेलचा असतो, आणि त्यापेक्षा मोठी आकृती असे तुकडे जोडून करावी लागते. ३२ बाय ३२ चा भुक्कड म्हणजे ८ बाय १६ चे आठ स्प्राइट, प्रत्येक ओळीवर चार. गावकरी १६ बाय १६ चे, प्रत्येकी दोन. भुक्कडासमोर तीन गावकरी आले की चार अधिक सहा, दहा झाले. चौथा आला की तो गायब. कोणी दगड भिरकावला की दगड गायब.

ही मर्यादा सगळ्यांनाच असते. आकाशात उडणाऱ्या विमानांच्या खेळात ती फारशी बोचत नाही, कारण आकृत्या वरखाली विखुरलेल्या असतात. इथे सगळ्यांचे पाय एकाच जमिनीवर. गर्दी घाबरून पळते आहे हे तर खेळाचं मुख्य दृश्य, आणि गर्दी म्हणजे नेमकं एकाच ओळीत सगळे.

दुसरी गोष्ट खेळणाऱ्यांची. लोक गावकऱ्यांना टाळत होते. उडी मारून त्यांच्यावरून जात होते, कोपऱ्यात थांबून वाट मोकळी होऊ देत होते. चार जागांचं पोट रिकामं ठेवूनच लेव्हल पार करत होते. एका मुलीला मी विचारलं, ‘तू कोण आहेस या खेळात?’ ती म्हणाली, ‘कोणीतरी पळून चाललेलं.’ राक्षसाच्या खेळात खेळणारा स्वतःला शिकार समजत होता.

कारण कोडमध्ये होतं, आणि ते कोणी मुद्दाम ठेवलेलं नव्हतं. बहुतेक प्लॅटफॉर्म खेळांत, म्हणजे धावत-उड्या मारत पुढे जायच्या खेळांत, शत्रूला स्पर्श झाला की नायकाला इजा होते. प्रोग्रामरने आपल्या जुन्या प्रकल्पातला गाभा उचलला तेव्हा हा नियमही सोबत आला. गावकरी अंगावर आपटला की भुक्कड मागे फेकला जायचा आणि त्याचं एक आयुष्य कमी व्हायचं. शिवाय तो इतका मोठा की चुकवणंही अवघड. मोठं शरीर म्हणजे मोठं लक्ष्य, इतकाच मोठेपणाचा अर्थ खेळणाऱ्याच्या वाट्याला येत होता.

तोलून पाहिलेले पर्याय

गटाच्या बैठकीत चर्चा सुरू झाली ती स्प्राइटवरून, कारण ती अडचण मोजता येत होती. ‘लोकांना राक्षस झाल्यासारखं वाटत नाही’ हे वाक्य टिपणात होतं, पण त्यावर बोलायला कोणाकडे आकडा नव्हता. माणसं मोजता येणाऱ्या गोष्टीकडे आधी धावतात. हाही एक निर्णयच होता, कोणी घेतल्यासारखा घेतला नसला तरी.

पहिला पर्याय लुकलुकीचा. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे पडदा नव्याने काढला जातो त्या प्रत्येक वेळी, स्प्राइटचा क्रम फिरवायचा, म्हणजे दर वेळी वेगळा गावकरी गायब होतो आणि कोणीच कायमचा नाहीसा होत नाही. जुन्या खेळांत हे सर्रास चाले. मूळ गेम बॉयचा एलसीडी सुस्त, एका फ्रेमची छाया पुढच्या फ्रेमवर रेंगाळते. त्यामुळे लुकलुकणारी आकृती नुसती फिकट दिसते. पण गट खेळ तपासत होता कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर, एम्युलेटरमध्ये, म्हणजे गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये. तिथे प्रत्येक फ्रेम कोरीव दिसते आणि लुकलुक डोळ्यांत खुपते. मॉनिटर पाहून त्यांनी हा पर्याय मोडीत काढला. पुढे खरं यंत्र हातात आल्यावर कळलं की तिथे तो बऱ्यापैकी चालला असता. मात्र हल्ली अनेक जण जुन्या गेम बॉयला नवा आयपीएस पडदा बसवून घेतात, आणि त्यावर पुन्हा मॉनिटरसारखंच दिसतं. म्हणजे निर्णय योग्य ठरला, पण त्यामागचं कारण निर्णय घेताना कोणाला माहीत नव्हतं.

दुसरा पर्याय प्रोग्रामरचा लाडका. भुक्कड स्प्राइटमध्ये काढायचाच नाही, पार्श्वभूमीच्या टाइलमध्ये, म्हणजे ती ज्या ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींनी भरलेली असते त्यांत, काढायचा. पार्श्वभूमीला ओळीची मर्यादा नसते. अवाढव्य शत्रू असेच दाखवतात: मागचं दृश्य कोरं ठेवायचं आणि अख्खी पार्श्वभूमी सरकवायची, की राक्षस सरकल्यासारखा वाटतो. अडचण उघड आहे. नायकच पार्श्वभूमी झाला तर गाव कशात काढायचं? घरं, जमीन, शिड्या सगळं स्प्राइटमध्ये नेलं तर पुन्हा तीच दहाची भिंत. तरी प्रोग्रामरने एक नमुना करून दाखवला. सुंदर होता तो. कोऱ्या आकाशासमोर डोंगराएवढा भुक्कड, पायाशी मूठभर माणसं. खेळ म्हणून त्यात करण्यासारखं काही नव्हतं.

तिसरा पर्याय चित्रकाराला पसंत नव्हता, पण तिनेच तो मांडला: राक्षस लहान करायचा. १६ बाय १६ केला तर ओळीवर दोनच स्प्राइट लागतात आणि चार गावकरी मावतात. मग राक्षस आणि माणूस एकाच मापाचे होतात. ‘मग तो राक्षस कशाला, शेजारी म्हणा,’ असं तिसरा म्हणाला आणि हा पर्याय हसण्यावारी गेला.

चौथा पर्याय लेव्हल रचणाऱ्याचा: सगळ्यांना एकाच जमिनीवर उभं करायचंच नाही. गच्च्या, माळे, पायऱ्या, झाडं. माणसं वेगवेगळ्या उंचीवर पळाली की ओळी वाटल्या जातात. याला खर्च काहीच नव्हता, फक्त आधीच रचलेल्या लेव्हल मोडाव्या लागणार होत्या.

मधेच दोन गोष्टी उघडकीला आल्या, आणि त्यांनी चर्चेचा रोख बदलला. पहिली म्हणजे एक खोडी. पोटात दोन-तीन माणसं गेली की बाहेरची माणसं जास्तच गायब व्हायची, खरं तर कमी व्हायला हवी होती. गिळलेल्या माणसाला लपवायला प्रोग्रामरने त्याचा स्प्राइट पडद्याच्या डावीकडे बाहेर ढकलला होता. गेम बॉय ओळीतले दहा मोजताना फक्त उभी जागा पाहतो. स्प्राइट आडव्या दिशेने पडद्याबाहेर असला तरी तो दहांत धरला जातो. गिळलेली माणसं अजून रांगेतच उभी होती! त्यांना खाली, उभ्या दिशेने बाहेर ढकलल्यावर खोडी गेली. एका ओळीची दुरुस्ती, आणि अर्धी ‘मर्यादा’ जागीच विरघळली.

दुसरी गोष्ट चित्रकाराच्या वहीतली. तिने गावकऱ्यांचे काही कच्चे आराखडे ८ पिक्सेल रुंदीचे काढले होते: डोकं, हात वर, दोन पाय, चेहरा नाही. लांबच्या दृश्यासाठी म्हणून. लेव्हल रचणाऱ्याने ते पाहिले आणि विचारलं, ‘हेच पुढे का नकोत?’ ८ बाय १६ चा गावकरी म्हणजे एकच स्प्राइट.

घेतलेले निर्णय

राक्षस लहान करायचा की नाही, यावर इतके दिवस वाद चालला होता. माणसं लहान करायची, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. भुक्कड २४ पिक्सेल रुंद आणि ३२ उंच केला, ओळीवर तीन स्प्राइट. गावकरी ८ रुंद, एक स्प्राइट. आता एका ओळीवर राक्षस, सहा माणसं आणि एक उडता दगड एवढं मावलं. आधी राक्षस माणसाच्या दुप्पट रुंद होता, आता तिप्पट. प्रत्यक्षात आठ पिक्सेल घटूनही तो पडद्यावर मोठा दिसू लागला. रुंदी कमी झाल्याने पुढचं दृश्यही जास्त दिसायला लागलं, आणि खेळणाऱ्याला विचार करायला क्षणभर जास्त मिळू लागला.

चेहरा गेल्याचं चित्रकाराला वाईट वाटलं. तिने भरपाई चालीत केली. प्रत्येक गावकऱ्याची धावण्याची फक्त दोन चित्रं, पण एकजण हात वर करून पळतो, एक डोकं झाकून, एक टोपी पडली म्हणून मागे वळतो. छटांचा नियमही तिने तेव्हाच घातला. स्प्राइटच्या चार छटांपैकी एक पारदर्शक असते, उरतात तीन. भुक्कडाचं अंग सर्वांत गडद छटेत आणि पार्श्वभूमीत ती छटा वापरायचीच नाही. मूळ यंत्राला मागून उजेड नाही. भर दिव्याखालीही नायक क्षणात सापडला पाहिजे, यासाठी हा नियम कामी आला.

आता खरी अडचण. स्पर्शाने इजा होण्याचा नियम उलटवायचा, हा प्रस्ताव कुठून आला ते टिपणांत नाही. बहुधा त्या मुलीचं उत्तर दोन-तीनदा वाचून झाल्यावर आला असावा. नवा नियम असा: माणूस भुक्कडाला धडकला तर माणूस उडतो. भुक्कडाला इजा होते ती उजेडाने आणि आवाजाने. मशाली, आरसे, घंटेचा नाद. शत्रूऐवजी आता परिस्थिती धोकादायक झाली. मशाल धरलेला माणूस गिळला तर पोटात जळजळ, म्हणून आधी मशाल विझवायची. मग त्याला गिळायचं. त्यातून कोडी आपोआप उभी राहिली.

यावर प्रोग्रामरचा आक्षेप रास्त होता: माणसांनी इजा होत नसेल तर खेळ फार सोपा होईल. तडजोड अशी झाली की माणसं इजा करत नाहीत, पण पोट जड करतात. चारही जागा भरल्या की उडी आखूड होते. त्यामुळे कोणाला गिळायचं आणि कोणाला सोडायचं, हा प्रश्न प्रत्येक गल्लीत उभा राहतो. भीती गेली, आणि तिच्या जागी हावरेपणाचा हिशेब आला. राक्षसाला तो शोभतो.

मोठेपणाची जाणीव स्प्राइटशिवाय कशी द्यायची, यावर त्यांनी जे केलं ते या प्रकरणातलं मला सर्वांत आवडलेलं काम. गेम बॉयवर काही गोष्टी जवळपास फुकट आहेत. पार्श्वभूमी सरकवणारी रजिस्टरं (ज्यांतला आकडा बदलला की यंत्र तसं वागतं अशा जागा) दोन-तीन फ्रेम एक-दोन पिक्सेलने हलवली की जमीन हादरते. भुक्कड उंचावरून पडला की तसंच करायचं. गिळताना सगळा खेळ काही फ्रेम गोठवायचा, याला हिटस्टॉप म्हणतात. काहीच न करण्याला खर्च कसला? घंटा गिळली की पार्श्वभूमीच्या छटांचं रजिस्टर एका लेखनात उलटं करायचं, काळ्याचं पांढरं, अन् लगेच पूर्ववत. पावलांचा आवाज यंत्राच्या चार ध्वनिवाहिन्यांपैकी गोंगाटाच्या वाहिनीवर. आणि टाइलमधली गंमत: भुक्कड जवळ येताच घरांच्या खिडक्या एकेक करून मिटतात. स्प्राइट शून्य, फक्त टाइल बदलायच्या. पण जग तुला घाबरतं हे त्या खिडक्यांनी जितकं सांगितलं तितकं ३२ पिक्सेलच्या शरीराने कधी सांगितलं नव्हतं.

गिळण्याच्या दृश्यात एक यांत्रिक वाकडेपणा होता. मूळ गेम बॉयवर दोन स्प्राइट एकमेकांवर आले तर ज्याची आडवी जागा डावीकडची तो वर दिसतो. म्हणून उजवीकडच्या माणसाला गिळताना तो छान तोंडाआड जायचा, डावीकडच्याला गिळताना मात्र तो राक्षसाच्या चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा दिसायचा. उपाय म्हणून तोंड मिटण्याच्या क्षणी माणूस लपवून टाकला आणि भुक्कडाचं एक खास चित्र आणलं: गाल फुगलेले, ओठांतून दोन पाय लोंबकळताहेत. अडचणीवर पांघरूण म्हणून काढलेलं हे चित्र पुढे खेळाची ओळख झालं.

भुक्कडाच्या चित्रांची संख्या मात्र वाढत गेली. २४ बाय ३२ चं एक चित्र म्हणजे १२ टाइल, एक टाइल १६ बाइट, एकूण १९२ बाइट. चालणं, उडी, गिळणं, थुंकणं, रिकामं पोट, भरलेलं पोट असं सगळं एकदम चित्रांच्या मेमरीत ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून लागेल ते चित्र त्या वेळी आत आणायचं ठरलं. दोन फ्रेमच्या मधल्या मोकळ्या वेळेत, सुमारे एक मिलिसेकंदात, ही ने-आण उरकावी लागते. त्याच वेळेत स्प्राइटची यादीही बदलायची असते. साध्या लूपने १९२ बाइट त्यात बसेनात. त्यांनी अर्धं चित्र एका फ्रेमला, अर्धं पुढच्याला आणलं, आणि पूर्ण झाल्यावरच ते दाखवलं. चाल एका फ्रेमने उशिरा बदलते. जड प्राण्याला तो उशीरही शोभून दिसला, हे नशीब.

बटणांचा निर्णय सरळ वाटला होता आणि तिथेच त्यांचा अंदाज चुकला. ए बटणाने उडी, बी बटणाने गिळणं आणि थुंकणं दोन्ही. १९९२ च्या ‘कर्बीज ड्रीम लँड’मध्ये एकाच बटणाने शत्रूला तोंडात ओढायचं आणि त्याच बटणाने थुंकायचं हे किती सहज चालतं, असा त्यांचा दाखला. पण तिथे तोंड एकतर भरलेलं असतं नाहीतर रिकामं, संदिग्धता नाही. इथे चार जागा. दोन भरलेल्या असताना बी दाबला तर खेळणाऱ्याला काय हवंय? समोर माणूस असेल तर गिळायचं, नसेल तर थुंकायचं, असा नियम केला, आणि लोक थुंकायला जाऊन भलत्यालाच गिळू लागले. शेवटी थुंकण्यासाठी खालच्या दिशेचं बटण आणि बी एकत्र दाबायचं ठेवलं. कमी मोहक, पण घोटाळा नाही.

काय निष्पन्न झालं

पुढच्या प्लेटेस्टला आधीच्याच काही जणांना बोलावलं होतं. फरक पहिल्या मिनिटात दिसला. लोक गर्दीच्या दिशेने धावत होते. कोपऱ्यात दडलेला एकटा गावकरी शोधायला मागे वळत होते, त्याने गुण वगैरे काही मिळत नसताना. पोट भरल्यावर कोणाला थुंकावं यावर मोठ्याने विचार करत होते. ‘हा टोपीवाला राहू दे’ असं एकाने म्हटलं तेव्हा चित्रकाराने माझ्याकडे पाहिलं. बिनचेहऱ्याच्या आठ पिक्सेलच्या माणसावर कोणाचा तरी जीव जडला होता.

सगळं काही सुटलं नाही. कंदिलाची गुहा, जिथे पोटातल्या उजेडावर चालायचं, मॉनिटरवर सर्वांत देखणी लेव्हल होती. मूळ यंत्रावर तिथे काहीच दिसेना. गडद छटांचा अंधार बिनउजेडाच्या पडद्यावर म्हणजे नुसता चिखल. ठिपक्यांच्या नक्षीने अंधार दाखवून पाहिला, तर पडदा सरकताना ती नक्षी सुस्त एलसीडीवर एकजीव होऊन राखाडी फासल्यासारखी दिसायची. अखेर त्यांनी अंधार उलटा दाखवला. पार्श्वभूमी कोरी ठेवली, तपशील काढून टाकले, आणि उजेडाच्या कक्षेत येणाऱ्या वस्तूंच्याच रेषा उमटू दिल्या. न दिसणं म्हणजे काळं असं नाही, हे खेळणाऱ्यांनी लगेच मानलं. माझ्या मते मूळ कल्पनेपेक्षा हे सरस आहे, पण चित्रकाराला अजूनही पटलेलं नाही.

पोट जड झाल्यावर उडी आखूड होते, हे मात्र अनेकांना कळलंच नाही. त्यांना वाटलं आपण बटण उशिरा दाबतो. खालच्या पट्टीत चार जागा दिसत होत्या, पण उडीचा आणि त्यांचा संबंध कुठेच दाखवला नव्हता. चौथी जागा भरताच भुक्कडाच्या चालीत डुलणं घातलं, तेव्हा गोंधळ कमी झाला. पूर्ण गेला नाही.

खेळ पूर्ण झाला, डाउनलोड म्हणून आणि थोड्या कार्ट्रिजवर निघाला. खेळणाऱ्यांच्या प्रतिक्रियांत लोंबकळणाऱ्या पायांचा उल्लेख सर्वांत जास्त होता, त्याखालोखाल खिडक्यांचा.

वेगळं काय करता आलं असतं

खरं यंत्र पहिल्या आठवड्यापासून टेबलावर असायला हवं होतं. लुकलुक, गुहेचा अंधार, छटांचा नियम या तिन्ही गोष्टी एम्युलेटरने झाकून ठेवल्या. गेम बॉय जुना म्हणून दुर्मीळ नाही. गटातल्या एकाकडे तो होताच, कपाटात.

दुसरं, दोन अडचणी वेगळ्या आहेत हे आधी ओळखता आलं असतं. स्पर्शाचा नियम बदलायला कोडच्या काही ओळी लागल्या. तो आधी बदलून पाहिला असता तर कदाचित ३२ पिक्सेलचा भुक्कड तीन माणसांच्या गर्दीतही राक्षस वाटला असता, आणि अख्खी चित्रं पुन्हा काढावी लागली नसती. चित्रकाराने जवळपास पूर्ण झालेला संच टाकून दिला. लहान, उलटवता येण्यासारखे बदल आधी आणि चित्रं पुन्हा काढायला लावणारे बदल नंतर, असा क्रम ठेवायला हवा होता. अर्थात तसं झालं असतं तर आठ पिक्सेलचे गावकरी कधी आलेच नसते, हेही खरं.

खेळणाऱ्याला विचारलेला एक प्रश्न, ‘तू कोण आहेस या खेळात’, हा मोजमापाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा उपयोगी ठरला. तो पहिल्याच चाचणीत प्रत्येकाला विचारायला हवा होता. तो सहज म्हणून निघाला होता.

गट १९९८ च्या गेम बॉय कलरवर गेला असता तर सगळंच सुटलं असतं, असं काहींनी नंतर सुचवलं. ते पूर्ण बरोबर नाही. कलरवर चित्रांची मेमरी दुप्पट आहे, ने-आण करायला हार्डवेअरची मदत आहे, आणि कोणता स्प्राइट वर दिसेल हे आडव्या जागेऐवजी यादीतल्या क्रमाने ठरतं. म्हणजे लोंबकळत्या पायांची गरजच पडली नसती. पण ओळीत दहाची मर्यादा तिथेही तीच आहे. गर्दीचा प्रश्न जसाच्या तसा उरला असता.

प्रोग्रामरचा पार्श्वभूमीतला डोंगराएवढा भुक्कड वाया गेला नाही. तो आता खेळाच्या सुरुवातीच्या पडद्यावर आहे. शेवटच्या लेव्हलमध्येही काही क्षण येतो, जिथे खेळणारा भुक्कड नसून पायाशी धावणारा एक गावकरी असतो. ती अदलाबदल ठेवावी की नाही यावर तिघांत अजून एकमत नाही. पुढच्या आवृत्तीत ती काढायची असं लेव्हल रचणारा म्हणतो. प्रोग्रामर ऐकायला तयार नाही.